बॅरलमध्ये अडकलेले ४२ मिलिमीटर

रायफलची नळी साफ करायचा रॉड डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, पुन्हा डावीकडे, आणि एकदम तो हलका झाला. सुटला! मी सुटकेचा नि:श्वास टाकून रॉड चेंबरकडून, म्हणजे काडतूस भरायच्या बाजूने, बाहेर ओढला आणि त्याच्या टोकाकडे पाहिलं. तिथे चिंधी टोचायचा जॅग नव्हता, चिंधीही नव्हती. होतं ते फक्त एक गोल, रिकामं भोक. जॅग आतच राहिला होता आणि रॉडचे आटे मी माझ्या हाताने उघडून मोकळे केले होते.

रायफल पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच बोअरची, ५० मीटरवर पडून मारायची. माझी नव्हे, क्लबची. सराव आटोपून साफ करायला घेतली होती. माझा नेहमीचा रॉड म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेला अखंड पोलादी रॉड, मुठीत बेअरिंग असलेला. तो त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडे होता. म्हणून एका मित्राकडून तीन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा रॉड उसना घेतला. पॅचही, म्हणजे नळी पुसायचे कापडाचे तुकडे, संपत आले होते, तेव्हा फ्लॅनेलचं कापड कात्रीने कापून घेतलं. चौकोनी, अंदाजाने. अंदाज जरा सढळ होता.

ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जॅग म्हणजे रॉडच्या टोकाला बसणारा पितळी खिळा. त्याच्या पुढच्या अणकुचीदार टोकावर पॅच टोचायचा आणि चेंबरच्या बाजूने मझलपर्यंत, म्हणजे गोळी सुटते त्या तोंडापर्यंत, ढकलायचा. पॅच मझलबाहेर गळून पडतो, रॉड रिकामा परत येतो. पॅच जॅगवर घट्ट बसला पाहिजे, पण हाताच्या साध्या जोराने सरकलाही पाहिजे. नळीला आतून पिळदार खाचा असतात आणि खाचांमध्ये कंगोरे. पॉइंट टू टूच्या नळीत दोन विरुद्ध कंगोऱ्यांमधलं अंतर जेमतेम साडेपाच मिलिमीटर असतं. एवढ्याशा जागेत कापड थोडं जाड झालं, तरी ते पुसायचं सोडून बुचासारखं बसतं.

माझं नेमकं तेच झालं. अर्ध्याच्या थोडं पुढे गेल्यावर रॉड जड झाला, मी अजून जोर लावला, आणि तो ठप्प. पुढे जाईना, मागे येईना. मग वर सांगितलेलं फिरवणं.

त्यातली गंमत मला दुसऱ्या दिवशी कळली. बहुतेक रायफलींच्या खाचा उजव्या पिळाच्या असतात. पॉइंट टू टूमध्ये साधारण १६ इंचांत एक फेरा. चेंबरकडून ढकललेला पॅच त्या खाचांबरोबर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरत जातो. रॉडची मूठ बेअरिंगवर मोकळी फिरत असेल, तर अख्खा रॉड त्याच्याबरोबर फिरतो आणि काही बिघडत नाही. पण उसन्या रॉडची मूठ पक्की होती आणि ती माझ्या हातात घट्ट धरलेली. म्हणजे जॅग फिरतोय, रॉड फिरत नाही, आणि फिरण्याची दिशा अशी की दर ढकलण्याला आटे थोडे थोडे उघडणार. सुरुवात रायफलिंगने, म्हणजे त्या खाचांनीच, करून दिली होती. उरलेलं मी डावीकडे पिरगाळून पूर्ण केलं.

आता जे सांगायचं आहे त्याची लाज वाटते. मी रॉड परत आत घातला, जॅगच्या मागच्या आट्यांवर तो आंधळेपणाने बसवायचा प्रयत्न केला, उजवीकडे फिरवला. पकड येईना. मग वाटलं, पुढे तर पुढे, ढकलून काढू. रॉडच्या मुठीवर तळहाताने ठोकलं, मग लाकडी ठोकळ्याने. चौथ्या की पाचव्या ठोक्याला हाताला काहीतरी मऊ लागलं. मला वाटलं अडकलेलं सरकलं. सरकलं काही नव्हतं. रॉडचा मधला तुकडा वाकला होता. शिवाय जॅगच्या मागचा जो चार मिलिमीटरचा आटेदार खुंट होता त्याचं तोंड मी ठेचून ठेवलं होतं. म्हणजे पुन्हा आटे बसवून ओढायची जी काही शक्यता होती, तीही गेली.

मित्राला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, "अगं, एक गोळी झाड की. चिंधीच तर आहे, उडून जाईल."

मला फार काही कळत नसलं तरी हे करायचं नाही एवढं कळत होतं. पॉइंट टू टूला आपण लहान समजतो, पण तिच्या काडतुसाची कमाल दाबमर्यादा चौरस इंचाला २४,००० पौंड आहे. अडीच ग्रॅमची शिशाची गोळी वेगाने येऊन अडथळ्यावर थबकली की मागचा वायू जाणार कुठे? त्या जागी नळीच्या भिंती बाहेर फुगतात. बाहेरून कधी दिसतं, कधी दिसत नाही, पण आतून पाहिलं की काळसर कडं दिसतं आणि ती नळी नेमबाजीच्या कामाची राहत नाही. हे झालं नशीब चांगलं असताना. नशीब वाईट असेल तर नळी फाटते, आणि तिच्या मागे आपला चेहरा असतो. गोळी काढून नुसत्या दारूवर उडवायचा सल्लाही त्याने दिला. त्यावर मी फोन ठेवला.

दुसरा फोन करायला मला वीस मिनिटं लागली. रेंजचे आर्मरर, म्हणजे शस्त्रांची दुरुस्ती करणारे, सगळे त्यांना काकाच म्हणतात. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. ठोकण्याचा भाग मी पुटपुटल्यासारखा सांगितला, तर म्हणाले, "तो भाग पुन्हा सांग. नीट."

सांगितला.

"बोल्ट बाहेर आहे? काडतुसं खोलीत नाहीत ना? बरं. आता ठोकायचं नाही. लाकडाची काठी घालायची नाही. पाणी घालायचं नाही. कॉपर सॉल्व्हंट तर नाहीच नाही. एक काम कर, मोजून ठेव."

"काय मोजू?"

"दोन्ही बाजूंनी. आणि मग मला सांग."

लाकडाच्या काठीचं कारण त्यांनी तिथेच सांगितलं. बारीक काठी दाबाखाली उभी चिरत नाही, तिरकी चिरते. मग तिचे दोन पाचरीसारखे तुकडे एकमेकांवर चढून नळीच्या भिंतींना दाबून बसतात, आणि जितकं ठोकाल तितके घट्ट होतात. त्यांच्याकडे येणाऱ्या अशा रायफलींमध्ये निम्म्या वेळा मूळ अडथळा सहज निघतो, घाम काढते ती त्याच्यावर अडकलेली काठी. पाण्याने सुती कापड फुगतं, तेलाने तसं फुगत नाही. आणि कॉपर सॉल्व्हंट, म्हणजे अमोनियावालं द्रावण, जॅगचं पितळ खातं खरं, पण इतकं हळू की तोवर नळीचंच नुकसान व्हायचं.

मी एअर रायफलचा बारीक अखंड रॉड घेतला. बोथट टोकाचा, प्लास्टिकचं आवरण असलेला. चेंबरकडून अलगद आत सोडला, टेकला तिथे नळीच्या काठाशी चिकटपट्टीची खूण केली, बाहेर काढून मोजला. ३७२ मिलिमीटर. मग मझलकडून. २४६. नळीची लांबी ६६०. बेरीज ६१८, वजाबाकी ४२.

जॅगच्या पेटीत तसाच दुसरा जॅग होता. आट्यांसकट तो भरला ३१.

मग वरचे ११ मिलिमीटर कसले?

जॅगला गुंडाळलेला पॅच त्याच्या अंगाभोवती बसतो, लांबी फारशी वाढवत नाही. मी तीन वेळा मोजलं. तीनदा ४२. आणि मग, रात्री उशिरा, त्या पट्टीकडे बघताना मनात पाल चुकचुकली. पहिला पॅच घातला होता तेव्हा कुणीतरी हाक मारली होती. मी रॉड मध्येच मागे ओढला, उठले, परत आले. जॅग रिकामा दिसला. पडला असेल कुठेतरी खाली, म्हणून दुसरा पॅच टोचला. तो पहिला पडला नव्हता. रॉड मागे ओढल्यावर जॅगवरून सुटून तो नळीतच राहिला होता आणि दुसरा मी त्याच्यावर नेऊन दाबला होता.

काकांना मेसेज केला. उत्तर आलं: "आता कळलं काय काढायचंय ते. मझलकडून तेल सोड. सकाळी ये."

रायफल दस्त्यातून काढली. दोन स्क्रू, वेळ लागत नाही. ट्रिगरचा संचही वेगळा केला, कारण रात्रभर झिरपणारं तेल खाली कुठे जाणार हे उघड होतं. नेम धरायच्या साइट काढून ठेवल्या. नळी मझल वर करून भिंतीशी उभी केली, खाली वर्तमानपत्र, आणि पेनेट्रेटिंग ऑइलची बारीक धार वरून सोडली. काठोकाठ नाही. दोन बोटं उंचीचा थर पुरे. 

झोप कशीबशी लागली. सकाळी उठून आधी वर्तमानपत्र पाहिलं. नाण्याएवढा पिवळसर डाग! तेल त्या बुचातून आरपार गेलं होतं. एवढ्याशा डागाने मला इतका आनंद व्हावा हे आठवून आता हसू येतं.

काकांच्या बाकावर पोचल्यावर पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडून तो वाकलेला रॉड मागून घेतला, नखाने त्याच्या अंगावरून रेघ ओढली आणि नखाला लागलेली करडी भुकटी मला दाखवली. ॲल्युमिनियम मऊ असतं, ते स्वतः पोलाद खरवडत नाही. पण मऊ म्हणूनच धूळ आणि काजळीचे कण त्याच्यात रुतून बसतात आणि मग तो रॉड पॉलिश पेपरसारखा वागतो. आणि तीन तुकड्यांच्या जोडांवर पायऱ्या असतात, त्या प्रत्येक फेरीला कंगोऱ्यांवर घासतात. एवढं बोलून त्यांनी रॉड बाजूला ठेवला, माझ्याकडे न बघता.

नळी व्हाइसमध्ये धरली, जबड्यांना लाकडाच्या फळ्या आणि चामडं लावून. माझा समज होता की जॅग ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, म्हणजे मझलकडे ढकलायचा. काकांनी नकारार्थी मान हलवली. मागून ढकलायचं तर सळई त्या ठेचलेल्या खुंटावर टेकणार, घसरणार, आणि खुंट व नळी यांच्या मध्ये शिरून पाचर होणार. मझलकडून समोर कापडाचा गोळा आहे, सपाट आणि मऊ. शिवाय अंतर कमी. बारीक सळईवर ठोकलं की ती आधी बाकते, आणि मोकळी लांबी दुप्पट झाली तर बाकण्याआधी सोसायची ताकद चौथाईवर येते. ३७२ च्या बाजूपेक्षा २४६ ची बाजू बरी. आणि अशा कित्येक नळ्या मझलपाशी केसभर आवळ असतात, त्या तोंडात तो गोळा कशाला न्यायचा?

मात्र मझलकडून काम करायचं म्हणजे क्राउन सांभाळायचा. नळीचं ते शेवटचं गोल तोंड, गोळी सुटताना जिथे शेवटचा स्पर्श होतो. तिथे एक ओरखडा आला की गोळीमागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. काकांनी नायलॉनचं छोटं टोपण काढलं, लेथवर केलेलं, मझलवर बसणारं, मधोमध भोक. सळई त्यातूनच जाणार, तोंडाला शिवणार नाही.

सळया पितळी, पाच मिलिमीटरच्या. टोकं काटकोनात घासून कडा मोडलेल्या. वेगवेगळ्या लांबीच्या तीन: ३००, ४५० आणि ७००. पहिली ३०० ची आत गेली, मझलबाहेर तिचे ५४ मिलिमीटर राहिले. काकांनी टोपणाला लागून पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि नायलॉनची हातोडी उचलली.

टक्. टक्. टक्.

ठोके म्हणण्याइतकेही जोरात नव्हते. दारावर कुणी संकोचाने वाजवावं तसे. दहा झाले, रेघ जागच्या जागी. सळई प्रत्येक वेळी किंचित उसळून परत येत होती. आवाज कोरडा, वाजणारा. वीस झाले. काकांनी हातोडी ठेवली, चेंबरकडून तेलाचे चार थेंब सोडले आणि म्हणाले, "चहा पिऊन येऊ."

"काका, जरा जोरात मारलं तर?"

"काल मारलंस ना जोरात."

चहा पिताना त्यांनी जुन्या थ्री-नॉट-थ्रीची गोष्ट काढली. त्या ली-एनफील्ड रायफलीच्या दस्त्याच्या मागच्या कप्प्यात तेलाची कुपी आणि पुल-थ्रू असायचा, म्हणजे एका टोकाला पितळी वजन बांधलेली दोरी. वजन चेंबरमधून सोडायचं, मझलमधून धरून ओढायचं. कापड चार इंच बाय दोन इंचाचं, त्याला फोर बाय टूच म्हणत. त्या दोरीला तीन फास असत. एक तारेच्या जाळीसाठी, एक कापडासाठी. आणि तिसरा? तो दोरी आत अडकली तर आर्मररला ती ओढून काढता यावी म्हणून. "म्हणजे बघ," काका म्हणाले, "बनवणाऱ्यालाच ठाऊक होतं की कुणीतरी जाड कापड घालणार." अडकलेली दोरी जाळून काढायची नाही, अशी तंबीही शिपायांना असायची. म्हणजे तसं करणारेही असणारच. मला जरा बरं वाटलं.

परत आल्यावर हातोडी त्यांनी माझ्या हातात दिली. मी मारत राहिले, तसंच हळू. सत्तावीस का अठ्ठावीसाव्या टकीला आवाज बदलला. आधीचा कोरडा ठणका जाऊन एक बसका, ओला आवाज आला, आणि सळई उसळली नाही. दोघांनी वाकून पाहिलं. पेन्सिलीची रेघ टोपणात अर्धी बुडाली होती.

अर्धा मिलिमीटर असेल. त्यानंतरचे पाच सेंटिमीटर जायला पाऊण तास गेला. दर थोड्या वेळाने थांबायचं, तेल, पुन्हा. ३०० ची सळई संपत आल्यावर ४५० ची घातली. तिच्यावर दोन ठिकाणी चिकटपट्टीचा एक-एक वेढा, म्हणजे ती नळीच्या मधोमध राहील. सळई आणि कंगोरा यांच्यात एका बाजूला पाव मिलिमीटर जागा, त्यात पट्टीचा एकच वेढा मावतो, दोन नाही. साधारण निम्म्यावर गोळा आल्यावर ठोकायची गरजच उरली नाही. ७०० ची सळई काकांनी हातानेच दाबली, ती थोडी अडखळत, थोडी सुळकन जात राहिली. मी चेंबरच्या मागे ताटली धरून उभी. आधी तो ठेचलेला खुंट डोकावला, मग जॅग, मग सगळं एकदम ताटलीत पडलं.

किती लहान होतं ते! करंगळीच्या दोन पेरांएवढं. जॅगभोवती फ्लॅनेल इतकं आवळलं होतं की त्याच्या अंगावर खाचांचे ठसे उमटले होते, तिरके, एकसारखे. पुढे त्या टोकदार अणीत पहिला पॅच भोसकला जाऊन घट्ट गोळी झालेला. काकांनी सुईने तो उलगडला. आत काजळी, गोळीवरचं मेण आणि शिशाची करडी पूड. पूर्ण उलगडल्यावर तो मला वाटला होता त्याहून बराच मोठा भरला. ते काही बोलले नाहीत, दुकानातला तयार गोल पॅच त्याच्यावर ठेवून दाखवला. तो मधोमध बसला आणि चारी बाजूंनी फ्लॅनेल उरलं.

खरी धाकधूक यापुढे होती, कारण ठोकताना मी आत काय केलं ते अजून कुणी पाहिलं नव्हतं. आधी तेल पुसलं. मग चेंबरमागे पांढरा कागद आणि उजेड, मझलकडून डोळा. कंगोरे सरळ पिळत गेलेले, मध्ये कुठे काळं कडं नाही. मग घट्ट तेलकट पॅच अखंड रॉडवर घेऊन काकांनी तो डोळे मिटून, अगदी सावकाश ढकलला. कुठे नळी फुगली असेल तर तिथे हाताला एकदम सैल लागतं. मलाही करायला लावलं. मला सगळीकडे सारखंच लागलं, पण माझ्या हातावर माझा त्या दिवशी विश्वास नव्हता. मग मझलच्या कडेवरून कापसाची काडी गोल फिरवली. कडेला बारीक चीर असेल तर तिथे कापसाचा तंतू अडकून राहतो. एकही अडकला नाही. शेवटी बोअरस्कोप, नळीच्या आत पाहायची बारीक दुर्बीण. अडथळा होता तिथे एका कंगोऱ्यावर पितळाचा पिवळा पुसट पट्टा दिसला, जॅगचा असणार. तो दोन पॅचमध्ये गेला. पोलादावर ओरखडा नव्हता.

"वाचलीस," काका म्हणाले. रायफलीला म्हणाले की मला, ते मी विचारलं नाही.

दुपारी ५० मीटरवर नेली. नळी कोरडी करून घेतली होती, तरी पहिल्या दहा-बारा गोळ्या आठात, नवात, एक तर सातात. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर असतं, तेव्हा सात म्हणजे घाबरायलाच हवं. पण हे व्हायचंच होतं. पॉइंट टू टूच्या शिशाच्या गोळीवर मेणाचा लेप असतो, नळीत त्याचा थर बसेपर्यंत ती स्थिरावत नाही, आणि आम्ही तर रात्रभर तेलात बुडवलेली नळी खरवडून कोरडी केली होती. पंधराव्या गोळीनंतर गट बसला, गोळ्या एकाच जागी पडू लागल्या. विसाव्याला मी श्वास सोडला.

उरला तो मित्राचा रॉड. दोन तुकडे शाबूत, मधला केळ्यासारखा. नवा घेऊन देते म्हणून त्याच्याकडे गेले, दिलगिरीचं वाक्य पाठ करून. त्याने वाकलेला तुकडा हातात घेतला, टोकाच्या आट्यांत डोकावला आणि म्हणाला, "हा ना? हा माझाही दोनदा आत उघडला होता. म्हणून तर मी वापरत नाही आता."